खाटेखालचे मूल

दिवाळी अंकात आगीविषयी लिहावे हे काही वाचकांना अप्रशस्त वाटेल. परंतु दिवाळी हा मुळातच विस्तवाशी खेळण्याचा सण आहे, आणि मुलांच्या हातात आपण आपल्या हाताने विस्तव देतो तो याच चार दिवसांत. म्हणून मुलांसाठी आगीवर आणि आग विझविणाऱ्यांवर जी चित्रांची पुस्तके झाली आहेत, त्यांविषयी चार शब्द बोलायला हीच वेळ योग्य, असे मला वाटते.

मी काही पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, चार कादंबऱ्या लिहिलेला आणि मुलांना शिकवून पोट भरणारा एक मास्तर आहे. जर्मन, रशियन, जपानी यांतली एकही भाषा मला येत नाही. चित्रे पाहून, इंग्रजी अनुवाद चाळून आणि जाणत्यांना विचारून मी ही पुस्तके वाचली. ती पारखण्याची माझी कसोटीही साधीच आहे. ती कसोटी मला कोठे मिळाली ते आधी सांगतो.

मी सात वर्षांचा असताना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझ्या हातची फुलबाजी आमच्या आकाशकंदिलाला लागली. कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा कंदील तो; क्षणात भडकला. त्याचा एक जळता तुकडा पडवीतल्या कडब्यावर पडला. मी धावत माजघरात शिरलो आणि कणगीमागे दडून बसलो. बाहेर शेजारीपाजारी विहिरीचे पाणी ओढीत होते आणि आई माझ्या नावाने हाका मारीत होती. त्या हाका मला स्पष्ट ऐकू येत होत्या. मी ‘ओ’ दिली नाही. कारण तो आवाज मला रागाचा वाटला. धास्तीचा आवाज आणि रागाचा आवाज मुलाच्या कानाला सारखाच लागतो. माजघरात धूर भरू लागला होता. शेवटी खोकल्याने माझा ठावठिकाणा सांगितला म्हणून मी आज हा लेख लिहीत आहे.

तेव्हा माझी कसोटी ही : पुस्तक मिटल्यावर मूल आगीतून बाहेर येईल, की आत लपेल?

या जातीच्या जुन्या आणि गाजलेल्या पुस्तकांपैकी एक म्हणजे जर्मनीतील हाइनरिख हॉफमन या डॉक्टरचे ‘श्ट्रुवेलपेटर’. १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलाला देण्यासारखे पुस्तक बाजारात मिळेना, म्हणून या गृहस्थाने ते स्वतःच लिहिले आणि चितारले. पुढल्याच वर्षी ते छापून निघाले. त्यात पाउलिनखेन नावाच्या मुलीची गोष्ट आहे. आई घरात नाही, दाई नाही. समोर काड्यांची पेटी. घरातल्या दोन मांजरी पंजे उंचावून तिला बजावतात. ती काडी ओढतेच. झगा पेटतो, केस पेटतात, आणि शेवटच्या चित्रात राखेची ढिगली, शेजारी दोन जोडे आणि रडणाऱ्या मांजरी, एवढेच उरते. घासून पेटणारी काडी तेव्हा नवी होती. इंग्लंडमध्ये ती निघून वीस वर्षेही झाली नव्हती. घरोघर आलेल्या या नव्या संकटाची डॉक्टरला काळजी वाटली, यात नवल नाही. चित्रे तर अशी की एकदा पाहिलेले मूल ती जन्मात विसरणार नाही.

पण ते लक्षात काय ठेवील? चूक झाली की सारे संपले, हेच. कपडे पेटल्यावर धावू नये, जागच्या जागी आडवे पडून लोळावे, मोठ्याने हाक मारावी, हे त्या मुलीला ना मांजरी सांगत, ना कवी. काडी ओढण्यापूर्वीच्या मुलासाठी हे पुस्तक आहे. काडी ओढून बसलेल्या मुलासाठी त्यात राखेवाचून काही नाही. माझ्या कणगीमागच्या मुलाला ते मिळाले असते, तर त्याने खोकलासुद्धा दाबून धरला असता.

याउलट रशियन कवी सामुइल मर्शाक यांचे ‘पझार’, म्हणजे ‘आग’. हे १९२३ मधले. सोव्हिएत पुस्तके आपल्याकडे स्वस्तात मिळत, त्यामुळे मर्शाक हे नाव आपल्या पिढीला अगदीच अपरिचित नाही. येथेही आई बाहेर गेली आहे आणि शेगडीला हात लावू नकोस असे बजावून गेली आहे. लेना शेगडीचे दार किलकिले करते. ठिणगी उडी मारून जमिनीवर उतरते, टेबलावर चढते, पडद्यांना भिडते. इथवर कथा पाउलिनखेनचीच. पण लेना रडते आणि घराबाहेर पळते! त्यानंतर कुझमा नावाचा बंबवाला येतो, धुराशी झुंजतो आणि मांजरालाही वाचवून आणतो. हॉफमनची मांजरे मुलीसाठी रडत उरतात. मर्शाकचे मांजर मुलीकडे परत येते. गुन्हा तोच असून एका कवीने मुलीची राख केली आणि दुसऱ्याने तिला अंगणात आणून उभे केले. दोघांपैकी आगीविषयी अधिक शहाणपण कोणाला होते, हे वाचकांनीच ठरवावे.

आता एक निराळे पुस्तक. एका स्नेह्यांनी जपानहून आणले आणि चित्रांवर बोट ठेवून मला अर्थ सांगितला. शिगेओ वातानाबे यांनी लिहिलेली आणि तादायोशी यामामोतो यांनी चितारलेली ‘जिपुता’ या बंबाची ही गोष्ट १९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. जिपुता म्हणजे जुन्या जीपगाडीचा केलेला लहानसा बंब. ठाण्यात उंच शिडीची गाडी आहे, जोराचा फवारा मारणारी गाडी आहे, रुग्णवाहिका आहे. बिचाऱ्या जिपुताला कोणी खिजगणतीत धरीत नाही. मग डोंगरावरच्या झोपडीला आग लागते. वाट अरुंद, चढ उभा. मोठ्या गाड्या तेथे जातील कशा? जिपुता जातो, आणि वणवा पेटण्याआधी आग विझवितो. वर्गातली लहान चणीची मुले हे पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात, यात सारे आले. माझ्या कसोटीवर मात्र ते अर्धेच उतरते. त्यात बंबाचे मन आहे. आगीत सापडलेल्या मुलाचे नाही.

ते मन ओळखले एका कादंबरीकाराने, जो शाळामास्तरही होता. टॉलस्टॉयने यास्नाया पल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि १८७० नंतरच्या दशकात मुलांसाठी वाचनपुस्तके लिहिली. त्यांत आगीतून मुले काढणाऱ्या कुत्र्यांची पानभराची गोष्ट आहे. लंडनचा बॉब नावाचा कुत्रा जळत्या घरातून एका लहान मुलीला ओढून आणतो, पुन्हा आत धावतो, आणि लोक श्वास रोखून पाहत असता बाहेर काय आणतो, तर तिची बाहुली! मुले येथे खदखदून हसतात. परंतु माझे लक्ष खिळते ते आरंभीच्या एका साध्या विधानावर : आगीत मुले सापडत नाहीत, कारण ती भिऊन लपतात आणि गप्प राहतात, आणि धुरामुळे दिसत नाहीत. ते वाचले आणि मला माझी कणगी आठवली.

हे आजही खरे आहे का, म्हणून मी तिसरीच्या वर्गाला विचारले, “घरात आग लागली तर काय कराल?” काही म्हणाली, “बंब बोलवू.” एका मुलाने १०१ हा आकडाही सांगितला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “खाटेखाली लपेन.” आणि मग अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या.

आपल्याकडे १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या बोटीचा स्फोट झाला आणि ६६ जवान कामी आले. त्यांची ती स्मृती. त्या शूरांवर मुलांसाठी उत्तम पुस्तक व्हावे, यात शंका नाही. परंतु जवान दारापर्यंत पोचण्यापूर्वीची जी पाचदहा मिनिटे असतात, त्या मिनिटांचे पुस्तक मला हवे आहे. त्यात एका पानावर धूर वर चढलेला असावा आणि मूल जमिनीलगतच्या स्वच्छ हवेतून रांगत दाराकडे निघालेले असावे. दुसऱ्या पानावर मुखवटा घातलेला, घुरघुर श्वास घेणारा जवान असावा, कारण तो मुलांना राक्षस वाटतो; आणि पान उलटताच मुखवट्यामागून शेजारच्या काकांसारखा चेहरा हसावा. आणि शेवटच्या पानावर ज्याने आग लावली तेच मूल आईच्या कडेवर असावे.

हे पुस्तक कोणी लिहीपर्यंत ते काम आईबापांचे आहे. वाचकहो, यंदा फुलबाजी हातात देण्याआधी मुलाला जवळ घ्या. पाण्याची बादली दाखवा, भाजले तर वाहते गार पाणी धरायचे हे सांगा. आणि एवढे आणखी सांगा : “काही पेटले, तुझ्या हातून पेटले, तरी लपायचे नाही. आमच्याकडे धावत यायचे. कोणी रागावणार नाही.”

आणि मग, खरोखरच, रागावू नका.