खांदा हरवलेला कॅमेरा

धाराशिव जिल्ह्यात कॅमेरा खऱ्या अर्थाने राबतो तो लग्नसराईत आणि जत्रांत. तुळजापूरचे शारदीय नवरात्र, चैत्री पौर्णिमेची येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा, उन्हाळ्यातल्या वराती. अशा ठिकाणी ट्रॉलीचे रूळ टाकायला जागा नसते, आणि ट्रायपॉडचे पाय पसरले तर भाविक त्यात अडखळतात. कॅमेरा हातातच धरावा लागतो, तोही तासन्‌तास. हातात धरायच्या डिजिटल सिने कॅमेऱ्यांची आजची अवस्था पारखायची असेल, तर मुंबईच्या सेटपेक्षा ही जागा जास्त खरी. सेटवर कॅमेऱ्यामागे फोकस पुलर असतो, बॅटऱ्या बदलणारा असतो, केबल सांभाळणारा असतो. इथे कॅमेरामन एकटा असतो. फार तर लाईट धरणारा एक पोरगा सोबतीला.

या पारखणीचा निकाल आधीच सांगायला हरकत नाही. गेल्या दीड-दोन दशकांत या कॅमेऱ्यांतून मिळणारे चित्र कमालीचे सुधारले आणि त्याच काळात कॅमेरा धरायला अवघड होत गेला.

सुरुवातीला कॅमेरा हातात धरणे शक्यच नव्हते. सावेदादांनी १८९९ साली मुंबईत कुस्ती टिपली, दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणून ‘राजा हरिश्चंद्र’ केला. तेव्हा एक हात सतत दांडा फिरवण्यात गुंतलेला असे, त्यामुळे तिवई अटळ होती. चावीवर आणि पुढे मोटरवर चालणारे कॅमेरे आले तेव्हा तो हात मोकळा झाला. १९३७ च्या अ‍ॅरिफ्लेक्सने भिंगातून दिसणारेच दृश्य डोळ्याला दाखवले. फ्रान्समधल्या आतों कंपनीच्या झाँ-पियेर बोव्हियाला यांनी १९७० च्या दशकात कॅमेऱ्याचा आकारच माणसाच्या खांद्यावरून बेतला. खांद्यावर निवांत बसलेले मांजर, अशी त्यांची कल्पना होती. वजन खांद्यावर, डोळा व्ह्यूफाइंडरला, उजवा हात मुठीवर. शरीराला तीन ठिकाणी टेकलेला कॅमेरा श्वासाबरोबर हलतो, पण थरथरत नाही.

हे तत्त्व मराठवाड्यातल्या मांडवांतही पोचले होते. पॅनासॉनिकचा व्हीएचएस कॅसेटवाला एम-९००० ज्यांनी खांद्यावर वाहिला, त्यांना ते सांगावे लागणार नाही. त्याचे चित्र आज बघवत नाही, पण बॅटरी मागे, भिंग पुढे आणि मधोमध खांदा ही मांडणी अचूक होती. बऱ्याच पुढे आलेल्या सोनीच्या एमसी-२५०० नेही तीच पाळली. अंतरपाट धरल्यापासून सप्तपदीपर्यंत कॅमेरामन जागचा हलत नसे आणि त्याचा हातही भरून येत नसे.

मधल्या काळात, २००८ साली, कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला. फोटो काढायच्या कॅमेऱ्यात सिनेमासारखी धूसर पार्श्वभूमी मिळू लागली आणि बाजार एका रात्रीत तिकडे वळला. चित्राच्या मोहात कोणी एक गोष्ट फारशी मनावर घेतली नाही. फोटोचा कॅमेरा सेकंदभर डोळ्याला लावून खाली घेण्यासाठी बनवलेला असतो. व्हिडिओ घेताना त्याचा व्ह्यूफाइंडर बंद पडतो, मग मागच्या पडद्याकडे बघत तो छातीपुढे धरावा लागतो. भरलेली घागर कोणी हात लांब करून नेत नाही, ती कमरेवर किंवा डोक्यावर घेतात. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र हेच साधे शहाणपण आपण बाजूला ठेवले.

आजचे लोकप्रिय कॅमेरे त्याच वळणाचे आहेत. २०२१ साली आलेला सोनीचा एफएक्स-३ बॅटरी आणि कार्डासह ७१५ ग्रॅम. अंगात पंखा असल्याने उन्हात सहज बंद पडत नाही, अंगावर स्क्रू बसवायला तयार आटे आहेत, ध्वनीच्या जोडण्यांसह वरचे हँडल मिळते. कॅमेरा मोठ्या विचाराने केलेला आहे, यात शंका नाही. पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही आणि आत एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, नाही. ब्लॅकमॅजिकच्या २०१८ च्या पॉकेट फोर-के मध्येही या दोन्हींची उणीव आहे. त्याचा पाच इंची पडदा सुरेख आहे, पण तो जागचा वळत नाही, आणि छोटी बॅटरी तासभरसुद्धा धड टिकत नाही.

एनडीची उणीव मे महिन्यात धाराशिवमध्ये कशी भोवते, ते हिशेबानेच पाहावे. सेकंदाला २५ चित्रे, शटर १/५०, आयएसओ ८००. भर दुपारच्या उन्हात भिंग २.८ वर उघडे ठेवायचे, तर प्रकाश सुमारे ९ स्टॉप कमी करावा लागतो. म्हणजे आत येणाऱ्या उजेडाचा पाचशेवा हिस्साच ठेवायचा. काच फिरवून गडद होणारे स्वस्त व्हेरिएबल एनडी तिथवर ताणले की चित्रावर काळी फुली उमटते आणि माणसांच्या कातडीचा रंग बिघडतो. बरेच जण मग शटरच वाढवतात. वरातीतली नाचणारी पोरे तुटक, झटके खाल्ल्यासारखी दिसतात ती त्यामुळे. सोनीच्याच एफएक्स-६ मध्ये आतला एनडी चाकाने हवा तेवढा गडद करता येतो. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालाच्या अंधाऱ्या जिन्यातून खिडकीपाशी यावे आणि समोर बोरी नदीचा पांढराशुभ्र प्रपात दिसावा, असा एकसलग शॉट घ्यायचा झाला तर या चाकाचे मोल कळते. तिथे थांबून काच बदलायला गेले की शॉट संपला.

या उणिवा भरून काढायला जोडसामानाचा अख्खा बाजार उभा राहिला. आधी कॅमेऱ्याभोवती धातूची केज, तिच्यावर हँडल, हँडलवर मॉनिटर, खाली बेसप्लेट, त्यातून ६० मिलिमीटर अंतरावरच्या दोन १५ मिलिमीटरच्या नळ्या, नळ्यांवर मॅट बॉक्स आणि फॉलो फोकस. पाऊण किलोचा कॅमेरा बघता बघता चार किलोंवर जातो. वजन वाढले याचे दुःख नाही. थोड्या वजनाने हात स्थिरच होतो. दुःख याचे की हे सगळे वजन पुढच्या बाजूला लटकते आणि मनगटावर येते. उपाय ठाऊक असलेला आहे. बेसप्लेटखाली खांद्याची गादी, आणि नळ्यांच्या मागच्या टोकाला व्ही-माउंट बॅटरी. ९८ वॉट-तासांची एक बॅटरी कॅमेरा आणि मॉनिटर दोन्ही चालवते, आणि पुढच्या वजनाला मागून तोल देते. जोडणी नीट झाली की दोन्ही हात सोडले तरी रिग खांद्यावर क्षणभर टिकून राहते. खरेदी करताना हीच कसोटी लावावी.

केबल हा या रिगचा सर्वांत दुबळा भाग. संबळ वाजू लागला, पोत नाचू लागले की गर्दीचा एक लोंढा येतो आणि कोणाचा तरी कोपर एचडीएमआयच्या वायरीला लागतो. एसडीआयची जोडणी फिरवून अडकवता येते, एचडीएमआयची नुसती खोचलेली असते. मॉनिटर काळा पडतो, आणि व्ह्यूफाइंडर नसल्याने कॅमेरामनला समोरचे काहीच कळत नाही. केबल केजला आवळणारा दोन बोटांचा क्लॅम्प इथे हजारोंच्या भिंगापेक्षा मोलाचा ठरतो.

आणि गिंबल, म्हणजे मोटरच्या जोरावर कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा. २०१८ नंतर एका हातात मावणारे गिंबल स्वस्त झाले आणि लग्नांचे व्हिडिओ सगळीकडे एकसारखे तरंगू लागले. नवरी चालते, कॅमेरा तिच्याभोवती फिरतो. मंदिर येते, कॅमेरा शिखराभोवती फिरतो. गिंबलला त्याची जागा आहे, पण भिंग बदलले की पुन्हा तोल साधा, आणि सगळा भार पुन्हा दोन्ही हातांत, छातीपुढे. आराध्यांच्या मेळ्यात उभ्या राहिलेल्या माणसाची नजर अशी तरंगत नाही. ती दचकते, थांबते, एखाद्या चेहऱ्याकडे परत वळते. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे खपून केलेल्या ‘जय भीम कॉम्रेड’चा जिवंतपणा गर्दीत उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्याचा आहे. उलट चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा जवळपास जागचा हलत नाही, आणि तोही तितकाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. कॅमेरा का हलतो याचे उत्तर हवे. गिंबल विकत घेतला हे ते उत्तर नव्हे. मराठीतली चित्रपट समीक्षा छायाचित्रणाला ‘नेत्रसुखद’ म्हणून पुढे सरकते, हा प्रश्न विचारतच नाही.

पैशांची अडचण खरी आहे, पण इथे मराठी माणसाचा स्वतःचा वारसा उपयोगी पडावा. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साथीने कॅमेराच घरी घडवला होता. मालेगावच्या शेख नासिर यांनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन केली. ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ते दिसते. त्या मानाने बेसप्लेट, नळ्या, खांद्याची गादी यांत गूढ काही नाही. पाव इंची आणि तीन-अष्टमांश इंची आटे जगभर ठरलेले आहेत, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कुठल्याही लेथवाल्याकडे कापून मिळते. प्रोएमसारख्या भारतीय बनावटीच्या रिग परदेशी मालापेक्षा स्वस्त पडतात. बार्शी, सोलापूर, लातूरच्या कारखान्यांत असे सामान मापाबरहुकूम करून घेता येईल, तेही आपल्या खांद्याच्या मापाचे.

पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट २०१७ पासून गावोगावी छोटे अभ्यासक्रम घेते. तसा एक धाराशिवला व्हावा, आणि त्यात दोन दिवस कॅमेरा धरणे, रिग बांधणे, तोल साधणे एवढेच शिकवावे. लग्नसराईत राबणाऱ्या इथल्या कॅमेरामननीही येत्या हंगामाच्या कमाईतून तिसरे भिंग घेण्याआधी खांद्याची गादी, व्ही-माउंट बॅटरी आणि एक चांगला एनडी घ्यावा.