शब्दांची मुदत ठेव

नॉर्मन लुइस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ १९४९ साली निघाले, आणि आजही ते आपल्याकडच्या फूटपाथवर ठाण मांडून बसले आहे. चिरंजीव स्पर्धा परीक्षेला बसले, की हे पुस्तक घरात आलेच म्हणून समजा!

पाया पक्का आहे, हे आधी मान्य. शब्द सुटा पाठ करायचा नाही, त्याचे ग्रीक-लॅटिन मूळ धरायचे. ‘मिसो’ म्हणजे द्वेष, ‘गॅमॉस’ म्हणजे लग्न. झाला ‘मिसोगॅमिस्ट’, लग्नद्वेष्टा. ‘कृ’ धातूपासून कर्ता, कार्य, कृती शिकलेल्या आपल्या मंडळींना ही रीत घरचीच.

घोडे अडते ते पुढे. एक प्रकरण खोटारड्यांवर आहे. मुरलेला तो ‘इनव्हेटरेट’, न सुधारणारा तो ‘इनकॉरिजिबल’, जन्मजात तो ‘कन्जेनिटल’. वा! पण ‘उद्या नक्की हप्ता भरतो’ म्हणणाऱ्या कर्जदाराला पत्र लिहिताना यातला एकही शब्द चालत नाही. पुस्तकात सराव भरपूर, पण बराचसा जोड्या लावण्याचा. अर्थ कळतो; कुठला शब्द कोणापुढे, कोणत्या सुरात काढावा, ते कळत नाही.

मुलाखतीत ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर मराठी माध्यमातला हुशार पोरगा गप्प होतो, तेव्हा त्याला ‘मिसोगॅमिस्ट’ कमी पडलेला नसतो. चार साधी वाक्ये कमी पडतात. मुदत ठेव भरभक्कम, चालू खाते रिकामे!

म्हणून पुस्तक घ्याच, पण जोडीला रोजचा इंग्रजी पेपरही घ्या. पुस्तकात शब्द हजेरी लावतात; पेपरात ते काम करताना दिसतात.