‘शिष्ट’ आणि ‘सभ्य’ : समाजमाध्यमांवरील राजकीय मतभेद आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

प्रास्ताविक

समाजमाध्यमांवरील राजकीय चर्चेची पातळी खालावली आहे, हे विधान आज कोणत्याही चर्चासत्रात केले तर त्यास सहसा विरोध होत नाही. त्यापाठोपाठ येणारा उपायही ठरलेला असतो. बोलणाऱ्याने सभ्यतेने बोलावे, आणि तो तसे बोलत नसेल तर कायद्याने हस्तक्षेप करावा. प्रस्तुत लेखाचा आक्षेप सभ्यतेच्या अपेक्षेला नाही. ‘सभ्यता’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी भिन्न अपेक्षा नकळत एकत्र केल्या जातात आणि त्यांतील चुकीच्या अपेक्षेच्या पाठीशी दंडशक्ती उभी केली जाते, या गोष्टीला तो आहे.

मराठी भाषेत हा भेद करण्यासाठी दोन शब्द हाताशी आहेत. ‘शिष्टाचार’ म्हणजे शिष्टांचा आचार. शिक्षित, संस्कारित आणि परंपरेने मान्यता पावलेल्या वर्गाची बोलण्या-वागण्याची रीत हे त्याचे प्रमाण होय. (बोली मराठीत एखाद्यास ‘फार शिष्ट आहे’ असे म्हटले की त्याचा अर्थ जवळजवळ ‘गर्विष्ठ आहे’ असा होतो, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.) ‘सभ्य’ हा शब्द मात्र ‘सभा’ या शब्दावरून आलेला आहे. सभेत बसण्यास योग्य तो सभ्य. धर्मशास्त्रातील व्यवहारनिर्णयाच्या संदर्भात न्यायसभेतील सदस्यांना ‘सभ्य’ अशीच संज्ञा आहे. त्या जुन्या सभेत सर्वांना प्रवेश नव्हता, हे उघड आहे. तथापि, सभा सर्वांची आहे असे एकदा राज्यघटनेने ठरविल्यानंतर सभ्यतेचा किमान अर्थ एवढाच उरतो की, आपल्या बाजूला बसलेल्या विरोधकास सभेतून उठवून लावू नये. शिष्टाचार भाषेचा पोत पाहतो. सभ्यता त्या भाषेने काय केले हे पाहते.

‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि भाषेची कसोटी

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे आपल्याच वैचारिक इतिहासावरून दिसून येते. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यानंतर ‘पुणे वैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीवर केलेल्या टीकेस बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटेखानी पुस्तक लिहून उत्तर दिले. या पुस्तकाची भाषा शिष्टसंमत नाही. ती घरगुती, उपरोधाने भरलेली, प्रसंगी शिवराळपणाकडे झुकणारी आहे, आणि पुरुषवाचकास ती थेट अंगावर घेते. समकालीनांनी पुस्तकाची हेटाळणी केली. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात महात्मा फुले यांनी ताराबाईंची बाजू घेतली. तथापि, यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रण करीपर्यंत हेही पुस्तक जवळजवळ विस्मृतीतच होते.

येथे प्रश्न असा की, असभ्य कोण होते? ‘पुणे वैभव’ची टीका वृत्तपत्रीय शिष्टाचाराच्या चौकटीत होती. पण तिने स्त्रियांना चर्चेचा विषय करताना चर्चेतील सहभागी म्हणून त्यांची गणनाच केली नव्हती. ताराबाईंची भाषा खरखरीत होती, परंतु तिने प्रतिपक्षास बोलण्यापासून वंचित केले नाही. उलट, त्यास जाब विचारला. आणि जाब विचारणे म्हणजे उत्तराची अपेक्षा ठेवणे होय.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस हाच मुद्दा वेगळ्या रीतीने मांडला आहे. असंयत भाषेविरुद्धची तक्रार बहुधा अल्पमतातील पक्षाविरुद्धच केली जाते आणि प्रस्थापित मताच्या बाजूने केलेली निर्भर्त्सना मात्र खपून जाते, असे त्यांचे निरीक्षण आहे. मिलचे वाचक असलेल्या आगरकरांना याचा प्रत्यय पुण्यातच आला. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणारे लोक स्वतःस शिष्टाचाराचे रक्षकच समजत होते.

पालघर आणि कलम ६६-अ

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्यानंतर मुंबई बंद राहिल्याच्या संदर्भात पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मजकूर लिहिला. आदर मिळवावा लागतो, तो सक्तीने मिळत नाही, असा त्याचा आशय होता. तिच्या मैत्रिणीने तो केवळ ‘पसंत’ केला. दोघींना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. दरम्यान लेखिकेच्या काकांच्या रुग्णालयाची जमावाने मोडतोड केली. अटकेसाठी लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-अ हे होते. २००८ च्या दुरुस्तीने आलेले आणि ऑक्टोबर २००९ पासून अमलात असलेले हे कलम अत्यंत आक्षेपार्ह मजकुरासाठी, तसेच खोटी माहिती पाठवून त्रास किंवा गैरसोय निर्माण करण्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करीत होते.

या प्रकरणाची चर्चा बहुधा ‘अतिरेकी पोलिसी कारवाई’ या सदराखाली केली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यातील अधिक महत्त्वाची बाब वेगळी आहे. त्या मजकुरात एकही अपशब्द नव्हता. म्हणजे शिष्टाचाराची कसोटी लावली तरी तो उत्तीर्ण व्हावा. दोष भाषेत नव्हता. शोकाच्या क्षणी, प्रबळ भावनेच्या विरुद्ध, एका सामान्य तरुणीने मत मांडले, हाच दोष ठरला. याउलट रुग्णालयावर चालून जाणारा जमाव काही ‘म्हणत’ नव्हता. तो एका सभासदास सभेतून उठवीत होता.

श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन फली नरिमन यांच्या खंडपीठाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६-अ संपूर्णतः घटनाबाह्य ठरविले. न्या. नरिमन यांनी लिहिलेल्या निकालपत्रात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या मानल्या असून, केवळ तिसऱ्या पायरीवर निर्बंधाचा प्रश्न उद्भवतो, असे म्हटले आहे. ‘त्रास’, ‘गैरसोय’ यांसारखे शब्द इतके संदिग्ध आहेत की एकास जे आक्षेपार्ह वाटेल ते दुसऱ्यास वाटणार नाही, हा युक्तिवाद निर्णायक ठरला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (२) मधील निर्बंधांच्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, बदनामी इत्यादी आधार आहेत. ‘कोणाला वाईट वाटू नये’ हा आधार तेथे नाही. यादीतील ‘सभ्यता’ही न्यायालयांनी प्रामुख्याने अश्लीलतेच्या संदर्भात वाचली आहे, उद्धटपणाच्या नव्हे.

निकाल योग्यच होता. परंतु त्याची रचना नागरिक विरुद्ध राज्यसंस्था अशी द्विपक्षीय आहे आणि पालघरमधील तिसरा पक्ष, म्हणजे जमाव, तिच्यात फारसा दिसत नाही. आज हाच जमाव रस्त्यावर न उतरता भ्रमणध्वनीवरून येतो. एका स्त्री-पत्रकाराच्या लेखाखाली शेकडो धमक्या येतात, घरचा पत्ता प्रसृत केला जातो आणि ती लिहिणे थांबविते. यावर ‘सभ्य भाषेची सक्ती करा’ हे उत्तर देणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे. धमकी सुसंस्कृत मराठीतही देता येते. फौजदारीपात्र धाकदपटशा (भारतीय न्याय संहिता, कलम ३५१) आणि पाठलाग (कलम ७८) यांसाठी कायदा आहेच. तो वापरला जात नाही, ही तक्रार रास्त आहे, आणि ती भाषेविषयीची तक्रार नाही.

कठीण उदाहरण

पालघरचे उदाहरण आपणांस सोयीचे आहे, कारण तेथे मजकूर सौम्य होता. मे २०२२ मध्ये एका मराठी अभिनेत्रीस ज्येष्ठ नेते शरद पवार यांच्याविषयीचा पद्यमय मजकूर फेसबुकवर प्रसृत केल्याबद्दल अटक झाली आणि तिला महिन्याहून अधिक काळ कोठडीत काढावा लागला. तो मजकूर शारीरिक व्यंगावर बोट ठेवणारा आणि हीन अभिरुचीचा होता, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. पालघरच्या वेळी अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी लिहिणाऱ्यांपैकी अनेकजण या वेळी गप्प राहिले. आमच्यासारख्या अध्यापकांच्या गटांतही ‘तिला धडा मिळायलाच हवा होता’ हा सूर ऐकू आला. मात्र त्या मजकुराने कोणाचे बोलणे थांबले? राज्याच्या राजकारणात पन्नासहून अधिक वर्षे वावरलेल्या नेत्यास सभेतून उठविण्याचे सामर्थ्य त्यात नव्हते. शिष्टाचाराचा भंग होता. त्यास उत्तर निषेधाचे, उपहासाचे, फार तर दुर्लक्षाचे. ज्यांना पालघरची अटक अन्याय्य वाटली त्यांना ही न्याय्य वाटत असेल, तर त्यांचा आक्षेप अटकेला नसून अटक कोणाची झाली याला होता, असेच म्हणावे लागते.

अमेरिकन अभ्यासक टेरेसा बेजन यांनी ‘मियर सिव्हिलिटी’ (२०१७) या ग्रंथात, परस्परांविषयी आदर नसतानाही संवाद चालू ठेवण्यापुरती किमान सभ्यता पुरेशी आहे, अशी मांडणी सतराव्या शतकातील रॉजर विल्यम्स यांच्या आधारे केली आहे. ती येथे उपयुक्त आहे. मात्र त्यांचे विवेचन मुख्यतः धार्मिक पंथभेदांपुरते फिरते. जिथे बोलणाऱ्याची जात, लिंग आणि शिक्षण पाहूनच त्याची भाषा उद्धट की बाणेदार हे ठरते, त्या समाजात ही किमान सभ्यता कोणाकडून आधी मागायची, हा प्रश्न त्या मांडणीत पुरेसा येत नाही.

आणि अध्यापकांनी हा प्रश्न इतरांचा समजू नये. एप्रिल २०१२ मध्ये जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांवरील एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठविल्याबद्दल अटक झाली. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या चित्रपटाच्या संदर्भाने केलेला तो विनोद होता. कलम ६६-अ २०१५ मध्ये रद्द झाले. त्यानंतरही देशभर त्याखाली गुन्हे नोंदविले जात असल्याचे उघड झाल्याने, या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावे लागले. प्रा. महापात्र यांची न्यायालयाने मुक्तता केली ती जानेवारी २०२३ मध्ये.