नववें बेट

लाटा उत्तम आणि राहणें स्वस्त असें बेट कोणतें, या प्रश्नाचा वाङ्मयविचाराशीं काय संबंध, असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. फळीवर उभें राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे धांवण्याचा जो खेळ आज सर्फिंग या नांवानें जगभर ओळखला जातो, त्याच्या नादीं लागलेले तरुण हा प्रश्न एकमेकांस नित्य विचारतात. खिशांतले पैसे किती महिने पुरतील, आणि दूरच्या वादळांनीं उठविलेल्या लाटा त्या महिन्यांत तेथें येतील कीं नाहीं, या दोन गणितांपलीकडे त्या प्रश्नांत कांहीं आहे असें त्यांनाही वाटत नसतें. परंतु इंग्रजी वाङ्मयांत या प्रश्नाला दीडशें वर्षांचा इतिहास आहे. आणि विल्यम फिनेगन या अमेरिकन लेखकाचें ‘बार्बेरियन डेज’ हें आत्मचरित्र म्हणजे त्या इतिहासाचें सर्वांत परिपक्व फळ होय, असें मला वाटतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथास पुढच्याच वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. पारितोषिकानें ग्रंथाचें मोल ठरत नाहीं हें खरें. पण खेळावरचें पुस्तक म्हणून तो बाजूस सारणाऱ्यानें क्षणभर थांबावें, एवढें काम तें खास करील.

या ग्रंथाचें वेगळेपण कळण्यास त्याचे दोन पूर्वज पाहिले पाहिजेत. मार्क ट्वेन १८६६ मध्यें हवाई बेटांत गेला होता. ‘रफिंग इट’ या १८७२ च्या पुस्तकांत त्यानें आपला या खेळाचा प्रयोग चार ओळींत सांगून टाकला आहे: फळी किनाऱ्यास पोंचली आणि स्वारी मात्र पाण्याखालीं गेली. ही विद्या तेथील रहिवाशांनाच साधावयाची, असा निकाल देऊन तो मोकळा झाला. पुढें १९०७ मध्यें जॅक लंडन आपल्या ‘स्नार्क’ या गलबतांतून होनोलुलूस आला. तो हट्टानें वाइकीकीच्या किनाऱ्यावर हा खेळ शिकला, उन्हानें कातडी भाजून अंथरुणास खिळला, आणि १९११ च्या ‘द क्रूझ ऑफ द स्नार्क’ या पुस्तकांतील एक प्रकरण त्यानें या राजेशाही खेळास वाहिलें. लाटेंत पाणी पुढें सरकत नसून केवळ गति पुढें सरकते, हें त्यानें तेथें फार सुबोध रीतीनें समजावून दिलें आहे. लाटेवर उभा असलेला हवाईयन पुरुष मात्र त्याच्या लेखणीनें एखाद्या देवतेच्या मूर्तीसारखा घडविला. मूर्तीला घर नसतें, भाडें नसतें, गाऱ्हाणें नसतें. हवाईचें राजपद १८९३ मध्यें उलथून पाडण्यांत आलें आणि १८९८ मध्यें तीं बेटें अमेरिकेच्या मुलखांत सामील झालीं. जॅक लंडन वाइकीकीस फळी घेऊन उतरला तेव्हां पदच्युत राणी लिलिउओकलानी हयात होती आणि त्याच शहरांत राहत होती. राजांच्या खेळाची ही स्तुति वाचतांना याची कोठें जाणीवही होत नाहीं.

फिनेगनच्या ग्रंथाचा आरंभही होनोलुलूंतच होतो. १९६६ मध्यें वडिलांच्या नोकरीनिमित्त कुटुंब तेथें आलें, तेव्हां तो तेरा वर्षांचा होता. शाळेंत गोऱ्या मुलांची संख्या थोडी. ‘हाउली’ म्हणून त्यानें मारही खाल्ला. डायमंड हेडच्या पायथ्याशीं समुद्रांत जे मित्र त्याला मिळाले, त्यांना वडील आहेत, भावंडें आहेत, रागलोभ आहेत. जॅक लंडनची मूर्ति येथें प्रथमच माणूस झाली आहे. हा भाग साऱ्या ग्रंथांत मला सरस वाटतो, आणि त्याचें कारण असें कीं, हें बेट त्या मुलानें निवडलेलें नव्हतें. त्याला तेथें नेण्यांत आलें. म्हणून जें समोर येईल तें पाहणें त्याला भाग पडलें. निवड करणारा मनुष्य आपल्या निवडीस अनुकूल तेवढेंच पाहतो. पुढच्या भागांत हा भेद वाचकास पानोपानीं जाणवतो.

तो पुढचा भाग निवडलेल्या बेटांचा आहे. मालगाडीवर ब्रेकमनचें काम करून फिनेगननें पैसे सांठविले आणि १९७८ मध्यें एका मित्रासह तो दक्षिण पॅसिफिकमध्यें गेला. सामोआ, टोंगा अशीं बेटें धुंडाळीत ते फिजीच्या टावारुआ या निर्जन बेटावर पोंचले. लहानशा वाळूच्या बेटाभोंवतीं प्रवाळाचा खडक असा वळलेला आहे कीं दूरवरून आलेली लाट एकदम कोसळत नाहीं. ती खडकाच्या कडेनें क्रमाक्रमानें उलगडत जाते, आणि स्वारास तिच्यापुढें धांवण्यास दीर्घ अवकाश मिळतो. तंबू ठोकून राहावें, लाटेवर जावें, परत यावें, यापलीकडे खर्च नाहीं. बेटाचें नांव बाहेर फुटूं नये म्हणून हे दोघे मित्र आपसांतही तें उच्चारीत नसत. पण १९८४ मध्यें तेथें पैसेवाल्या प्रवाशांसाठीं विश्रामस्थान उघडलें, आणि भोंवतालच्या लाटाही त्याच्याच पाहुण्यांसाठीं राखीव झाल्या. तो एकाधिकार फिजी सरकारनें २०१० मध्यें रद्द केला. दरम्यान ज्या लाटेवर आपण फुकट राहिलों, तिच्यासाठीं पैसे मोजणारा पाहुणा होऊन स्वतः फिनेगनही तेथें परत गेला. ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं, आणि या प्रामाणिकपणामुळेंच त्याच्या शब्दावर विश्वास बसतो.

लाटांच्या वर्णनांत तर या लेखकाचा हात धरणारा मला दुसरा आढळला नाहीं. त्याच्या लेखी कोणतीही लाट दुसरीसारखी नसते. खडकाचा आकार, वाऱ्याची दिशा, भरतीची वेळ यांवरून तो तिचा स्वभाव सांगतो, आणि जो वाचक समुद्रांत गुडघ्याच्या वर कधीं गेला नाहीं त्यालाही भीति म्हणजे काय हें कळतें. हें सारें मान्य करूनही एक उणीव नमूद केली पाहिजे. स्वस्ताई म्हणजे काय, हा प्रश्न लेखकाच्या मनांत वारंवार येतो, त्याला अवघडल्यासारखेंही होतें. पण अवघडून तो पुन्हां लाटेकडे वळतो. वस्तुतः बेटाची स्वस्ताई हा त्या बेटाच्या हवापाण्यासारखा गुण नव्हे. पाहुण्याची मजुरी आणि यजमानाची मजुरी यांमधलें जें अंतर, त्याचेंच तें नांव आहे. अमेरिकेंतील मालगाडीवरची कमाई पॅसिफिकमध्यें अनेक महिने पुरली, कारण तेथील कोळ्याच्या श्रमाला तेवढा भाव नव्हता. आणि असे पाहुणे वाढले कीं तें अंतर जमिनीच्या आणि घरभाड्याच्या किंमतींतून यजमानाकडूनच वसूल होऊं लागतें.

याचा पुरावा फिनेगनच्याच आयुष्यांतील एका गांवीं सांपडतो. तरुणपणीं कॉलेज सोडून तो माउई बेटावरील लाहायना येथें जाऊन राहिला. पुस्तकांच्या दुकानांत काम करावें आणि होनोलुआच्या खाडींत लाटांवर जावें, इतकें तेव्हां तेथें सहज जमत असे. हेंच लाहायना ८ ऑगस्ट २०२३ रोजीं आगींत भस्मसात झालें. सुमारें शंभर माणसें गेलीं. पुढें पुन्हां घर उभारून येथेंच राहणें आपल्याला परवडेल काय, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहिलेल्यांपुढें उभा राहिला. आग हें तात्कालिक निमित्त झालें. घरें आवाक्याबाहेर जाण्यास फार पूर्वींच आरंभ झाला होता. २०२० च्या जनगणनेंत असें दिसून आलें कीं, मूळ हवाईयन वंशाच्या लोकांपैकीं निम्म्याहून अधिक आतां हवाईंत राहत नाहींत, ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. त्यांतले पुष्कळ नेवाडाच्या वाळवंटांतील लास व्हेगस शहरीं गेले आहेत. हवाईचीं मुख्य बेटें आठ. म्हणून त्या वाळवंटी शहराला हे लोक ‘नववें बेट’ म्हणतात.

या एका नांवांत जी व्यथा आणि जो विनोद आहे, त्याला तुल्य असें कांहीं मला या सबंध वाङ्मयांत भेटलें नाहीं. ज्यांच्या पूर्वजांनीं हा खेळ वाढविला, त्यांनाही शेवटीं परवडेल असें बेट निवडावें लागलें, आणि तें निवडतांना लाटांचा विचार सोडून द्यावा लागला. समुद्रकांठचें घर बंद करून मुंबईच्या खोलींत संसार थाटणाऱ्या कोंकणी चाकरमान्याच्या वंशजांस ही निवड समजावून सांगण्याची गरज नाहीं.

‘बार्बेरियन डेज’ अवश्य वाचावें. बेट शोधणाऱ्या तरुणानें तर निघण्यापूर्वीं वाचावें, आणि वाचतांना होनोलुलूचीं पहिलीं प्रकरणें घाईनें उलटूं नयेत. बेटावर माणसें राहतात, हें तीं प्रकरणें जितक्या स्पष्टपणें सांगतात तितकें पुढचीं सांगत नाहींत. एवढें झाल्यावर त्यानें खुशाल जावें. समुद्राची ओढ हा कांहीं अपराध नव्हे. मात्र तेथें पोंचल्यावर घराचें भाडें विचारतांना, या घरांत पूर्वीं कोण राहत होतें आणि तें आतां कोठें आहे, हेंही विचारावें. त्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्यांच्यापाशीं आहे, त्यांच्यापैकीं कोणीतरी वाळवंटांतल्या त्या बेटावर बसून आपलें आत्मचरित्र लिहील, तेव्हां फिनेगनच्या ग्रंथाशेजारीं ठेवण्याजोगें दुसरें पुस्तक आपल्या हातीं येईल. त्याची मी वाट पाहत आहें.