देवलदेवीचा विश्वास

अमीर खुस्रो या थोर फारसी कवीच्या एका दीर्घकाव्याची नायिका वेरूळच्या परिसरात शत्रूच्या हाती सापडली, ही गोष्ट मराठी वाचकाच्या कानांवर सहसा आलेली नसते. आपल्या धर्मग्रामांतून सहली निघतात, कैलास लेण्यापुढे छायाचित्रे काढली जातात, राष्ट्रकूटांची नावे मुले वहीत टिपून घेतात. देवलदेवीचे नाव मात्र कोणी घेत नाही. ज्या काव्याने तिला अमर केले असे म्हणतात, त्या काव्याविषयी आणि त्यातील एका मोठ्या गाळलेल्या जागेविषयी आम्हांला येथे लिहावयाचे आहे.

कथा थोडक्यात अशी. इ. स. १२९९ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात जिंकला. राजा कर्णदेव वाघेला पळाला आणि बागलाणात आश्रयाला राहिला. त्याची राणी कमलादेवी पकडली जाऊन दिल्लीच्या जनानखान्यात गेली. तिची धाकटी मुलगी देवल त्या वेळी सहा महिन्यांची होती, असे खुस्रो सांगतो. पुढे दिल्लीत मान मिळालेल्या कमलादेवीने सुलतानाजवळ मागणे मागितले: माझी मुलगी मला आणून द्या. तिकडे देवगिरीच्या यादवांचा राजपुत्र शंकरदेव याने देवलला मागणी घातली होती. पण यादव आपल्यापेक्षा कुळाने हलके, म्हणून कर्णदेव नकार देत राहिला. दिल्लीची फौज जवळ आली तेव्हा कोठे त्याने होकार दिला. शंकरदेवाचा भाऊ भीमदेव मुलीला घेऊन देवगिरीच्या वाटेला लागला. १३०७च्या सुमाराची ही गोष्ट.

यानंतरचा प्रसंग फरिश्ता या इतिहासकाराने रंगवला आहे. सुलतानाचा सरदार अल्पखान मुक्काम टाकून बसला असताना त्याचे काही सैनिक वेरूळची लेणी पाहावयास गेले. तेथे त्यांची भीमदेवाच्या घोडेस्वारांशी गाठ पडली, चकमक उडाली, देवलच्या घोड्याला बाण लागला आणि ती पकडली गेली. खुस्रोच्या काव्यातही घोड्याला लागलेला बाण आहे, पण स्थळ नुसते देवगिरीजवळ असे आहे. वेरूळचे नाव फरिश्त्याने घातले. तो हे विजापूरच्या दरबारी, घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता. सुमारे त्याच काळात फादर स्टीफन्स गोमंतकात क्रिस्तपुराणाच्या ओव्या रचीत होते (ते १६१६ मध्ये छापले गेले), हे जाता जाता नोंदवून ठेवावेसे वाटते. देवलच्या कथेतील तपशिलांविषयी इतिहासकारांत एकवाक्यता नाही. काहींनी तर ती कविकल्पनाच मानली आहे. आमच्या विवेचनाला त्याने बाधा येत नाही. आम्हांला पारखावयाचे आहे ते काव्य आणि त्या काव्याने नायिकेला दिलेली वागणूक.

दिल्लीत आली तेव्हा देवल आठ वर्षांची होती. सुलतानाचा पुत्र खिज्रखान दहा वर्षांचा. दोघे एकत्र वाढली, एकमेकांवर जीव जडला. राजपुत्राच्या आईला आपला भाऊ अल्पखान याची मुलगी सून म्हणून हवी होती. तिने दोघांची ताटातूट केली, देवलला दुसऱ्या महालात धाडले आणि मुलाचे लग्न भाचीशी थाटामाटाने लावले. पुढे आईचे मन द्रवले आणि देवलचाही निकाह झाला, पण गाजावाजा न करता. मग मलिक काफूरचे डाव सुरू झाले. आजारी सुलतानाचे कान फुंकून त्याने अल्पखानाला मारविले, खिज्रखानाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकले आणि १३१६ मध्ये सुलतान वारताच त्याचे डोळे काढविले. देवल त्याच्याबरोबर त्या कैदेत होती. काफूर मारला गेला, मुबारक हा दुसरा भाऊ गादीवर आला. त्याने आंधळ्या भावाला निरोप धाडला की देवलला माझ्याकडे पाठव. खिज्रखानाने नकार दिला आणि १३१८ मध्ये त्याचा वध झाला.

खुस्रोने हे काव्य लिहिले ते खुद्द खिज्रखानाच्या सांगण्यावरून. राजपुत्राने आपल्या प्रेमाची हकीकत कवीच्या हाती दिली. चार हजार दोनशे बेतांचे मूळ काव्य राजपुत्राच्या हयातीत पुरे झाले होते. त्याच्या वधानंतर कवीने तीनशेंहून अधिक बेत जोडून शोकान्त पुरा केला. त्याच्या काही भागांचे इंग्रजी भाषांतर इलियट व डाउसन यांच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात (१८७१) आहे आणि आम्ही त्यावरच विसंबलो आहोत. या जोडलेल्या भागाबद्दल खुस्रोला मान दिलाच पाहिजे. मारणारा सुलतान सिंहासनावर होता, कवी त्याच्याच दरबारात होता, त्याच्यासाठीही तो एक मोठे काव्य रचीत होता. तरी मारल्या गेलेल्या राजपुत्राची बाजू त्याने लिहून ठेवली. दरबारी कवीकडून एवढे धैर्य फार वेळा घडत नाही.

परंतु नायिकेकडे वळले की आमचे समाधान होत नाही. तिच्या नावापासूनच पाहा. ‘देवल’ हे नाव फारसी कानाला रुचेना, म्हणून कवीने ते ‘दुवल’ केले. दुवल म्हणजे दौलत या शब्दाचे अनेकवचन. या बदलाचा कवीला अभिमान आहे; तो स्वतःच तो उलगडून सांगतो. देवळाची आठवण देणारे नाव गेले आणि संपत्तीचे नाव आले. एका मुलीचे काय काय हिरावले गेले याची यादी करावयाची झाली तर त्यात हेही धरावे लागेल, आणि ही गोष्ट कोणा सरदाराने नव्हे, तिच्या चाहत्या कवीने केली.

याहून महत्त्वाचा मुद्दा कथेच्या आरंभाचा आहे. खुस्रोची कथा भावनेच्या दृष्टीने दिल्लीत सुरू होते. वेरूळच्या डोंगराजवळचा तो दिवस, घोड्याला लागलेला बाण, आठ वर्षांच्या पोरीची भीती, हे सारे नायिकेला नायकापर्यंत पोहोचवणारा रस्ता म्हणून येते आणि सरते. एकदा प्रेम सुरू झाले की ती पकडून आणलेली आहे याचा वाचकाला विसर पडतो. मग सासू दुष्ट ठरते, काफूर खलपुरुष ठरतो, मुबारक राक्षस ठरतो. ते तसे होतेच, यात वाद नाही. पण या सर्वांच्या आधी जो पहिला घात झाला, त्याचा हिशोब काव्यात कोणाच्याच नावावर मांडला जात नाही. देवलचा विश्वास, तिची निष्ठा, तिचे कैदेतील सोबतीपण हे गुण कवी गातो. ते गुण ज्या मुलीला दुसरे दारच उघडे नव्हते तिच्या ठायी वाढले, हे तो सांगत नाही. विश्वास ठेवणाऱ्यास तो न ठेवण्याची मुभा असावी लागते. देवलला ती कधी होती?

राजवाड्यातील कारस्थानांच्या कथांना आजही तोटा नाही. आपल्या घरांतील तरुण मुले दूरदेशीच्या मालिका पाहतात, त्यांत चिनी अद्भुत मालिकांना मोठा प्रेक्षक आहे. २०१७ मधील ‘इटर्नल लव्ह’ या मालिकेतील सू सू नावाची साधी मुलगी स्वर्गलोकीच्या राजपुत्रावर विश्वास टाकून त्याच्या राजवाड्यात जाते. तेथे सू जिन ही स्त्री तिच्यावर खोटा आळ घेते आणि सू सूचे डोळे काढून तिला दिले जातात. राजपुत्र तिला वाचवू शकत नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यात आंधळा झाला तो पुरुष, येथे आंधळी होते ती स्त्री. पण मालिकेला एक सोय आहे: सू सू ही मुळात देवी निघते, तिला पूर्वीचे तेज आणि डोळे परत मिळतात, वैरिणीला शिक्षा होते. प्रेक्षक सुखाने झोपी जातो. अद्भुतकथेने असे करावे, त्यात गैर नाही. मात्र देवलची कथा वाचताना आपणही नकळत अशीच सोय शोधतो, आणि ‘निदान तिला खरे प्रेम तरी मिळाले’ या वाक्यात ती आपल्याला सापडते. खुस्रोच्या काव्याचे सामर्थ्य आणि त्याचा धोका दोन्ही या वाक्यात आहेत.

बायबल वाचणाऱ्या कुटुंबांना येथे तामार आठवेल. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तेराव्या अध्यायात दावीद राजाच्या वाड्यातच कट शिजतो. योनादाब मसलत देतो, अम्नोन आजाराचे सोंग घेतो, आणि पिता दावीद स्वतः मुलीला भावाच्या घरी अन्न करावयास धाडतो. ती विश्वासाने जाते. तो अध्याय चर्चमध्ये क्वचितच वाचला जातो, पण कथाकथन म्हणून तो किती न्यायी आहे! लेखक आरंभापासून आरंभ करतो. तामारला तो बोलू देतो. ती नाही म्हणते, कारणे देते, आपल्या अब्रूचे काय होईल ते विचारते. आणि दावीद, जो लेखकाचा लाडका राजा, तो संतापला एवढेच आपल्याला कळते. त्याने मुलीसाठी काही केल्याचे लेखक लिहीत नाही. राजाला पाठीशी घालण्याचा मोह त्या प्राचीन लेखकाने टाळला. कर्णदेवाचा कुळाभिमान आणि कमलादेवीचे मागणे यांकडे अशा नजरेने पाहणारा कवी देवलला लाभला नाही. आईला दोष देताना आमची लेखणी अडखळते, हेही खरे. तीही बंदिवानच होती. लेक जवळ असावी एवढेच तिने मागितले. पण त्या मागण्यासाठी फौज निघाली.

देवलकडे थोडे निराळे पाहिले ते नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांनी. त्यांची ‘करण घेलो’ (१८६६) ही गुजरातीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. आपल्याकडे बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ त्याआधी नऊ वर्षे आले होते. मेहतांच्या कथेची सुरुवातच मुळी करणने आपल्या प्रधानाची बायको पळवून नेण्यापासून होते. अपमानित प्रधान दिल्लीला जाऊन सुलतानाला बोलावून आणतो. म्हणजे ज्या राजाची राणी आणि मुलगी पुढे पळवली गेली, त्याने आधी दुसऱ्याचे घर फोडले होते. या एका मांडणीने मेहतांनी कथेला परधर्मीयांच्या दुष्टपणाच्या ठोकळ साच्यातून बाहेर काढले, हे त्यांचे मोठे श्रेय. देवलची कथा पुढे अनेकांनी वैर जागे ठेवण्यासाठी वापरली; त्यांनी ही कादंबरी नीट वाचली असती तर बरे झाले असते. तरी मेहतांचे लक्ष अखेर करणवरच आहे, शीर्षकातच तो आहे. देवल तेथेही बापाच्या कर्माचे फळ म्हणून येते. नंतरचे इतिहासकार तर तिला मुबारकाच्या आणि १३२० मध्ये खुस्रोखान नावाच्या सरदाराच्या जनानखान्यात नेऊन सोडतात, एखादी वस्तू हातोहात जावी तशी.

कैलास लेण्याच्या दक्षिण भिंतीवर सीतेला नेणाऱ्या रावणाशी झुंजणारा जटायू कोरलेला आहे. देवल पकडली गेली तेव्हा त्या शिल्पाला पाच शतके होऊन गेली होती. तिच्या कथेत जटायूचे काम कोणी केलेच असेल तर ते फरिश्त्याच्या बखरीतील एका दासीने. सैनिक देवलवरून आपसांत भांडू लागले तेव्हा या दासीने पुढे होऊन तिचे नाव आणि कुळ सांगितले, तिला सन्मानाने सरदाराकडे न्या असे विनवले. तिने मालकिणीची सुटका केली नाही, करू शकली नाही. पण त्या क्षणी देवलच्या बाजूने बोललेले तेवढे एकच माणूस आहे. फरिश्त्याने तिला एक वाक्य दिले आहे, नाव दिलेले नाही. मराठीत या विषयावर कोणी नाटक लिहिणार असेल तर त्याने पहिला अंक दिल्लीच्या महालात न उघडता वेरूळच्या पायथ्याशी उघडावा, आणि पात्रांच्या यादीत या दासीसाठी एक नाव शोधावे.