फुगाझी : एका स्वायत्त वाद्यवृंदाची कामगिरी

कलावंताचे स्वातंत्र्य हा विषय आपल्याकडे बहुधा तत्त्वाच्या पातळीवर चर्चिला जातो. ते रोजच्या व्यवहारात कसे टिकवायचे, त्याची किंमत कोणी मोजायची, या प्रश्नांकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. वॉशिंग्टनच्या 'फुगाझी' या चौघांच्या वाद्यवृंदाचा विचार करताना मात्र ते टाळता येत नाहीत.

संगीताचा मोठा धंदा न्यूयॉर्क आणि लॉस अँजेलिसला. वॉशिंग्टन हे सरकारी कचेऱ्यांचे शहर. राजधानीत नोकरी केलेल्या वाचकांना अशा शहराचे रूक्षपण वेगळे सांगायला नको. पण ही उणीवच तेथील तरुणांच्या पथ्यावर पडली. इअन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० साली 'डिस्कॉर्ड' ही ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था स्वतःच उभी केली. त्या काळचे त्यांचे संगीत 'हार्डकोर पंक' म्हणून ओळखले जाई : अतिद्रुत, कर्कश, दीड-दोन मिनिटांत संपणारे. पुढे त्यातला वेग हा निव्वळ संकेत होऊन बसला आणि श्रोत्यांची धक्काबुक्की हा विधी. सप्टेंबर १९८७ मध्ये फुगाझीचा पहिला कार्यक्रम झाला, तो या पार्श्वभूमीवर.

मकाय व गी पिचिओटो यांचे गायन आणि गिटार, जो लॅली यांचे बास, ब्रेंडन कँटी यांचे ड्रम्स असा हा मेळ. १९८८ च्या 'वेटिंग रूम' या गाण्यात त्यांचे वेगळेपण लगेच जाणवते. बासची ठाशीव लय सुरू होते, इतर वाद्ये येऊन मिळतात आणि अर्धे मिनिटही होत नाही तोच सारे एकदम थांबते. क्षणभर केवळ शांतता. पूर्वीच्या संगीतात क्षोभ उधळला जात होता. येथे तो आवरून धरला आहे. या संयमामुळेच त्याला धार येते. 'पोस्ट-हार्डकोर' या संज्ञेला काही अर्थ असेल तर तो हाच.

हाच संयम त्यांच्या कारभारातही आढळतो. तिकीट साधारण पाच डॉलर, प्रवेश सर्व वयाच्यांना, नाव छापलेल्या सदऱ्यांची विक्री नाही. मोठ्या कंपन्यांची बोलावणी त्यांनी नाकारली. दांडगाई करणाऱ्याला पाच डॉलर परत देऊन बाहेर काढीत. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या तोंडावर, व्हाइट हाउससमोरच्या उद्यानात त्यांनी युद्धविरोधी वादन केले. हे सर्व संगीताबाहेरचे म्हणून बाजूला सारता येत नाही. गाण्यात अचानक थांबण्याचे जे सामर्थ्य आहे, तेच व्यवहारात 'नाही' म्हणण्याचे.

तरीही काही आक्षेप नोंदवले पाहिजेत. 'स्टेडी डाएट ऑफ नथिंग' (१९९१) हा संग्रह कोरडा वाटतो. शब्द कधी इतके तुटक होतात की आशय निसटतो. शिवाय त्यांचा नकार सर्वांना परवडणारा नव्हता. त्यामागे सात वर्षे आधी उभारलेली स्वतःची संस्था होती. ती नसलेल्या गरीब कलावंताला याच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. 'रेड मेडिसिन' (१९९५) आणि 'द आर्ग्युमेंट' (२००१) यांत मात्र त्यांनी स्वतःचाच साचा मोडला. नाद अधिक खुला, अधिक चिंतनशील झाला.

नोव्हेंबर २००२ मधील लंडनच्या कार्यक्रमांनंतर वाद्यवृंद थांबला. विसर्जनाची घोषणा मात्र केली नाही. २०११ पासून त्यांनी आपल्या शेकडो कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे श्रोत्यांसाठी खुली केली. प्रत्येकाची सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलर!

टेक्ससच्या 'ॲट द ड्राइव्ह-इन'पासून स्वीडनच्या 'रिफ्यूज्ड'पर्यंत त्यांच्या नादाचे पडसाद उमटले. परंतु नादाचे अनुकरण सोपे असते. फुगाझीचा खरा वारसा कठीण आहे : स्वातंत्र्य ही केवळ वृत्ती नसून तो एक कारभार आहे आणि तो नेटका ठेवावा लागतो. हे काम कलेहून हलके नाही, एवढे त्यांनी पंधरा वर्षांत सिद्ध केले.