मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे यश : 'बाजार' या रूपकाची चिकित्सा

प्रस्तावना

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वितरित करण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते, त्यास मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. असे काही प्रकल्प जगभर रुजतात, तर असंख्य प्रकल्प अल्पावधीतच ओस पडतात. यामागील कारणांचे सर्वाधिक प्रभावी विवेचन एरिक रेमंड यांनी 'द कॅथीड्रल अँड द बझार' या १९९७ मधील निबंधात केले. मराठी भाषेच्या आणि पालघर, बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात हे विवेचन कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रेमंड यांची मांडणी

मूठभर कारागिरांनी बंद दाराआड उभारलेले प्रार्थनामंदिर आणि सर्वांना खुला असलेला गजबजलेला बाजार, अशी दोन रूपके रेमंड योजतात. १९९१ मध्ये सुरू झालेले लिनक्स हे त्यांच्या मते बाजाराचे उदाहरण होय. त्यांच्या मांडणीचे दोन आधार महत्त्वाचे आहेत. चांगले सॉफ्टवेअर निर्मात्याच्या स्वतःच्या गरजेतून जन्मते, हा पहिला. आणि पाहणारे पुष्कळ असले की दोष लपून राहत नाहीत, हा दुसरा. लिनक्सच्या वाढीचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो, हे मान्य करावे लागते.

गरज आणि क्षमता यांतील अंतर

पहिला आधार असे गृहीत धरतो की ज्याला गरज आहे त्यालाच संहिता लिहिता येते. मराठीच्या बाबतीत नेमके उलट घडते. पालघर जिल्ह्यात दर्याही आहे आणि दऱ्याही आहेत. या दोन शब्दांतील फरक केवळ 'र'च्या जोडणीचा आहे. तो फॉन्टने नीट दाखवला नाही तर अर्थच बदलतो. मराठीतील 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. अशा उणिवा जव्हारच्या विद्यार्थ्याला किंवा तारापूर औद्योगिक वसाहतीतील लिपिकाला जाणवतात, पण त्या दूर करण्याचे तंत्र त्याच्या हाती नसते. ज्याच्या हाती ते असते, त्याचे काम बहुधा इंग्रजीत चालते.

रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेल्या 'लोहित' फॉन्टची जोपासना कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी केली. हे केवळ हौशी कार्यकर्त्यांचे नव्हे, पगारी माणसांचेही श्रम होते.

पुष्कळ डोळे, थोडे हात

दुसरा आधारही तपासावा लागतो. इंटरनेटवरील गोपनीयता सांभाळणाऱ्या 'ओपनएसएसएल'मधील 'हार्टब्लीड' हा दोष २०१४ मध्ये उघड झाला, तेव्हा तो सुमारे दोन वर्षे त्या संहितेत होता. सर्वांना वाचता येणारी संहिता प्रत्यक्षात वाचणारे अगदी थोडे होते. २०२४ मध्ये 'एक्सझेड' या प्रकल्पात एका थकलेल्या सांभाळकर्त्याचा विश्वास संपादन करून घातक संहिता घुसवण्यात आली. ती एका दक्ष अभियंत्याला सापडली, हे खुलेपणाचे श्रेय. पण ती घुसू शकली, हे एकाच माणसावर सोडलेल्या भाराचे फळ.

आपल्याकडील आठवडे बाजारालाही ठरलेला वार, ठरलेली जागा आणि बाजार उठल्यावर झाडलोट करणारे हात लागतात. रेमंड यांच्या बाजारात गर्दी आहे, झाडलोट मात्र दिसत नाही. स्टीव्हन वेबर यांनी २००४ मधील ग्रंथात नेतृत्व आणि कारभाराची घडी यांना महत्त्व दिले, ते म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

आयआयटी मुंबईचा दाखला

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प या दृष्टीने बोलका आहे. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब यांसारखी मुक्तस्रोत साधने सुमारे दहा मिनिटांच्या पाठांतून शिकवली जातात. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत होते, पडद्यावरील इंग्रजी मात्र नोकरीच्या दृष्टीने तशीच ठेवली जाते. येथे शासकीय अर्थसाहाय्य लाभले, संहितालेखनाचे नियम आहेत आणि पाठ तपासण्याची ठरलेली पद्धत आहे. खुलेपणाला संस्थेची जोड मिळाल्याने हे कार्य टिकले.

निष्कर्ष

खुला परवाना ही यशाची आवश्यक अट असली तरी ती पुरेशी नाही. गरज असणारा व क्षमता असणारा यांना जोडणारा दुवा आणि नित्य देखभालीची जबाबदारी घेणारी व्यक्ती वा संस्था नसेल, तर प्रकल्प ओस पडतो. हा दुवा होण्याची संधी ग्रामीण महाविद्यालयांना आहे. प्रयोगशाळेत मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवून परवान्याचा खर्च वाचवणे म्हणजे मुक्ततेला फुकटेपणा समजणे होय. मराठीतील दोषांची नोंद मूळ प्रकल्पाकडे पाठवणे, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात भाषांतर व चाचणी यांचा समावेश करणे आणि हे काम दरवर्षी पुढच्या तुकडीकडे सोपवणे, एवढे एखाद्या प्राध्यापकाने पत्करले तरी पुरे. पालघर-बोईसरचा विद्यार्थी तेव्हा केवळ ग्राहक न राहता भागीदार होईल.